लोकमान्यांची न निघालेली पलटण

नारायण पेठेत वाढलेल्या मुलांना लोकमान्य टिळक पाठ्यपुस्तकातून शिकावे लागत नाहीत. शाळेत जाता-येता केसरीवाडा लागतो, गणेशोत्सवात मानाचा पाचवा गणपती पाहायला तिथेच जायचे असते, आणि दर १ ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या वक्तृत्व स्पर्धेत शेंगांच्या टरफलांची गोष्ट ऐकावीच लागते. मी स्वतः ती गोष्ट तीनदा सांगितली आहे आणि एकदा उत्तेजनार्थ बक्षीसही मिळवले आहे. त्यामुळे टिळक आपल्याला पुरते ठाऊक आहेत अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी एका खाकी गणवेशाने ती समजूत मोडली.

महाविद्यालयात आल्याबरोबर मी एन.सी.सी.त नाव दिले. रविवारी पहाटे परेडला निघताना जुन्या लाकडी जिन्यावर बुटांचा आवाज होऊ नये म्हणून ते हातात घेऊन मी खाली उतरत असे. आजोबांना हे प्रकरण फारसे रुचले नव्हते. पण एक-दोन वर्षांचे खूळ म्हणून त्यांनी ते चालू दिले. दुसऱ्या वर्षी मात्र मी घरात सांगून टाकले, की पदवीनंतर नोकरी धरीन आणि नोकरी सांभाळून टेरिटोरियल आर्मीत अधिकारी होण्याचा प्रयत्न करीन. आजोबांनी हातातला कप बशीत ठेवला. टिळकांच्या पेठेतल्या माणसांचा पलटणीशी संबंध काय, असे त्यांनी विचारले. आपण लेखणीची माणसे. टिळकांनीही आयुष्यभर लेखणीच चालवली, असे त्यांचे म्हणणे पडले. बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात बाबा बोलले नाहीत म्हणजे निकाल आजोबांच्या बाजूने लागला असे समजायचे.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मी ग्रंथालयात बसले. जे सापडले ते माझ्या वर्गमित्रांना आणि प्राध्यापकांना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम राखीव सेना म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. खड्या फौजेतील शिपाई बारा महिने सैनिक असतो. राखीव पलटणीतील माणूस एरवी कारकून, शिक्षक, दुकानदार किंवा विद्यार्थी असतो. ठरावीक दिवशी कवायतीला जातो, वर्षातून एकदा छावणीत राहतो, आणि प्रसंग आला तर गणवेश चढवून उभा राहतो. कॅनडासारख्या देशात शहराशहरांच्या अशा पलटणी आहेत. आठवड्यातील एखादी संध्याकाळ आणि काही शनिवार-रविवार तिथे तालीम चालते. पलटणीचा बँड, तिचे छोटे संग्रहालय, निवृत्तांचे मेळावे, ११ नोव्हेंबरचा स्मृतिदिन या सर्वांत गावही सहभागी होते. फौज म्हणजे कोणी परके, ही भावना तिथे उरत नाही. आपल्या टेरिटोरियल आर्मीचीही हीच कल्पना आहे. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीची अशी टेरिटोरियल पलटण आहे. क्रिकेटपटू धोनी यांना २०११ मध्ये टेरिटोरियल आर्मीतील लेफ्टनंट कर्नल हे मानद पद मिळाले, तेव्हा हे नाव पुष्कळांनी प्रथमच ऐकले असेल. ही नागरिकांची फौज आपल्याला मिळावी म्हणून झालेल्या जुन्या झगड्यात लोकमान्य कुठे उभे होते, ते आता पाहू.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक. त्यांची बदली झाली म्हणून १८६६ मध्ये कुटुंब पुण्यास आले. आई लवकर गेली. बाळचे लग्न १८७१ मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. प्रकृतीने किरकोळ असा हा मुलगा डेक्कन कॉलेजात दाखल झाला आणि त्याने एक विलक्षण निर्णय घेतला. पहिले वर्ष त्याने अभ्यासाला न देता शरीराला दिले. कुस्ती, पोहणे, होडी वल्हवणे यांत ते वर्ष गेले, परीक्षा हातची गेली, पण शरीर असे कमावले गेले की पुढे तुरुंगातील अन्न आणि मंडालेची हवा त्याने सोसली. आपल्यापैकी कोणी असे वर्ष घालवले तर घरी काय होईल हे मी सांगायला नको. शरीर कमावल्याशिवाय बुद्धीला आधार नाही, हा विचार टिळकांच्या मनात विशीच्या आतच पक्का झाला होता, एवढे यावरून दिसते.

पुढचा भाग सर्वांना परिचित आहे. १८७९ मध्ये ते एल.एल.बी. झाले. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात जाऊन आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. १८९० मध्ये सोसायटी सोडून टिळक पूर्णवेळ सार्वजनिक कामात उतरले.

याच वर्षांत देशात दुसरी एक गोष्ट घडत होती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगता येईना. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. १८५७ नंतर ठिकठिकाणी स्वयंसेवक पलटणी निघाल्या. रेल्वेतील, कचेऱ्यांतील, व्यापारी पेढ्यांतील गोरे लोक फावल्या वेळात कवायत करीत. अशी पुणे व्हॉलंटिअर रायफल्स नावाची पलटण आपल्या शहरातही होती. कॅनडातील शहरी पलटणींचीच ही बहीण म्हणायची. फरक इतकाच की पुण्याच्या नावाने निघालेल्या पलटणीत पेठांतील पुणेकराला जागा नव्हती. १८८५ च्या सुमारास सुशिक्षित हिंदी लोकांनी स्वयंसेवक म्हणून घ्यावे अशी मागणी देशभर केली. १८८६ च्या कलकत्त्याच्या काँग्रेसने तसा ठराव केला. सरकारने तो मानला नाही. राज्य चालवणाऱ्यांना शिपाई हवे होते, पण शस्त्र चालवू शकणारे नागरिक नको होते.

फौजेचे जे रूप पेठांनी पाहिले ते १८९७ साली. प्लेगची साथ आली आणि घरे तपासायला गोरे सोजीर पाठवण्यात आले. ते स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, सामान रस्त्यावर आले, माणसे छावण्यांत नेली गेली. पुढारी म्हणवणारे अनेकजण शहर सोडून गेले. टिळक राहिले आणि प्लेगच्या रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्याच्या कामास लागले. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी केसरीतील मजकुराबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ मध्ये ते सुटले. मला वाटते, आमच्या पेठेच्या मनात गणवेशाविषयी जी अढी आहे तिचे एक मूळ त्या वर्षात असावे. दाराशी आलेला शिपाई आपला नसेल तर त्याची भीती वाटते. आपलाच असेल तर तीच माणसे त्याला पाणी विचारतात.

विंचूरकर वाड्यातून टिळक नारायण पेठेतील गायकवाड वाड्यात आले ते १९०५ मध्ये. हाच आजचा केसरीवाडा. गणेशोत्सवाचे मेळे, शिवजयंती, व्यायामशाळा यांतून तरुणांना एका तालावर चालायला शिकवले जात होतेच. टिळकांची नजर याही पलीकडे गेलेली होती. त्यांचे निकटचे सहकारी आणि नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर या शतकारंभीच्या वर्षांत नेपाळात जाऊन राहिले. कौलांचा कारखाना हे बाहेरचे निमित्त होते आणि शस्त्रे तयार करण्याचा विचार आत होता. तो बेत तडीस गेला नाही. पण टिळक फक्त लेखणीचे होते, हे आजोबांचे वाक्य इथेच डळमळू लागले.

१९०८ मध्ये दुसरा खटला झाला आणि सहा वर्षांची शिक्षा देऊन त्यांना मंडालेला नेले. जून १९१४ मध्ये ते परतले तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती, मधुमेह जडला होता, आणि पत्नी सत्यभामाबाई ते तुरुंगात असतानाच वारल्या होत्या. दीडच महिन्याने पहिले महायुद्ध पेटले.

युद्धात महाराष्ट्राचा शिपाई पहिल्या वर्षापासून होता. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या शेतकऱ्यांची मुले मेसोपोटेमियात लढत होती. कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सैन्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खंगलेले ते सैन्य शरण गेले. त्या पलटणींत मरणारा शिपाई मराठी होता, पण त्याला हुकूम देणारा कमिशनवाला अधिकारी इंग्रजच असायचा. हिंदी माणूस कितीही शूर असला तरी सुभेदार-मेजरच्या वर चढत नसे, आणि सर्वात कोवळ्या इंग्रज लेफ्टनंटलाही त्याला सलाम करावा लागे.

टिळकांचे वर्म नेमके इथे दुखत होते. त्या काळातील त्यांची स्थितीही पाहण्यासारखी आहे. एप्रिल १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग स्थापन केली. जुलैमध्ये साठावा वाढदिवस झाला. लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि सरकारने वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागणारी नोटीस दिली. ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि बॅरिस्टर जीनांनी काम चालवून नोव्हेंबरमध्ये टिळकांच्या बाजूने निकाल मिळवला. हे सारे ताजे असतानाच १९१७ च्या आरंभी सरकारने इंडियन डिफेन्स फोर्सचा कायदा केला. गोऱ्यांना त्यात सक्ती होती. हिंदी तरुणांना मात्र प्रथमच स्वखुशीने नाव देण्याची मुभा मिळाली. तीस वर्षांपूर्वी जे दार बंद झाले होते ते युद्धाच्या गरजेने बोटभर उघडले होते.

राजद्रोहाची शिक्षा भोगून आलेला माणूस यावर काय म्हणेल, अशी सर्वांना उत्सुकता असणार. टिळकांनी पुण्याच्या तरुणांना नावे द्या असे सांगितले. वय आणि पिकलेले केस आड येत नसतील तर आपण स्वतः रांगेत उभे राहू, असेही त्यांनी म्हटले. पुष्कळांना हे कोडे वाटले. इंग्रजाविरुद्ध लिहायचे आणि त्याच्याच फौजेत मुलांना पाठवायचे हे कसे? टिळकांचा हिशेब सरळ होता. स्वराज्य मागणाऱ्याने आपले घर राखायलाही शिकले पाहिजे. घर दुसऱ्याने राखायचे आणि कारभार तेवढा आपण करायचा, असे जगात कुठे होत नाही. शिवाय बंदूक धरायची विद्या एकदा हाती आली की ती परत घेता येत नाही. सरकारला हे कळत नव्हते असे नाही. त्याच फेब्रुवारीत पंजाब आणि दिल्ली येथे टिळकांना प्रवेशबंदी झाली.

त्या नव्या दलाला देशभरातून मिळालेला प्रतिसाद सरकारच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी होता. कारण उघड होते. गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या, हिंदी लोकांच्या वेगळ्या, आणि हिंदी माणसाला बरोबरीचा अधिकारी होण्याची वाट नाही. २० ऑगस्ट १९१७ च्या सुमारास सरकारने नऊ हिंदी लष्करी अधिकाऱ्यांना राजाचे कमिशन देण्याचे ठरवले. त्या वेळी लाखो हिंदी शिपाई लढत होते. तुलनेसाठी पुन्हा कॅनडाकडे पाहू. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या संपूर्ण कोअरचा सेनापती म्हणून आर्थर करी याची नेमणूक झाली. हा माणूस मूळचा शाळामास्तर. पुढे विमा आणि जमिनींच्या खरेदी-विक्रीचा धंदा करीत होता, आणि १८९७ मध्ये साधा तोफची म्हणून त्याच्या गावच्या राखीव दलात भरती झाला होता. एका वसाहतीत राखीव दलाचा दलाल सेनापती होतो आणि दुसरीत पिढीजात सैनिकाला लेफ्टनंटही होता येत नाही, यालाच टिळक गुलामगिरी म्हणत असले तर त्यांचे काय चुकले?

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी युद्धपरिषद भरवली. टिळकांनी सहकार्याबरोबर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले. टिळक सभा सोडून बाहेर पडले आणि त्यांच्यामागून आणखी काहीजण उठले. याच सुमारास गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायी फिरत होते. इंग्रजांना अडचणीत मदत करताना अट घालू नये, असे त्यांचे मत. टिळकांनी त्यांना पन्नास हजार रुपयांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना कमिशने मिळतील असे सरकारकडून वचन आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो. न दिली तर ही रक्कम जप्त करा, असा तो सौदा होता. गांधीजींना सौदा मान्य नव्हता. त्यांनी चेक परत केला. दोन मोठी माणसे, दोन्ही देशासाठी झिजणारी, आणि दोघांची वाट किती वेगळी! वर्गात यावर वाद घातला तर तास पुरणार नाही. मला त्यात टिळकांची बाजू अधिक पटते, कारण मान मागून घ्यायचा नसतो, तो आधी ठरवून घ्यायचा असतो.

ऑगस्ट १९१८ मध्ये सरकारने टिळकांना परवानगीवाचून भाषण करण्यास बंदी केली. ज्या माणसाने पाच हजारांची पलटण उभी करण्याची हमी दिली होती, त्याचे तोंडच बंद केले. ती पलटण निघालीच नाही. सप्टेंबरमध्ये टिळक चिरोलच्या खटल्यासाठी विलायतेला गेले, १९१९ च्या अखेरीस परतले, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. त्याच वर्षी इंडियन टेरिटोरियल फोर्सचा कायदा झाला. विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर निघाले. पुढे १९४८ मध्ये त्याच्या जागी एन.सी.सी. आली आणि १९४९ मध्ये टेरिटोरियल आर्मी. मी रविवारी जो गणवेश घालते त्याची वंशावळ ही अशी आहे.

इथपर्यंत वाचून मला आनंद झाला होता. पण प्रामाणिकपणे आणखी दोन गोष्टी लिहिल्या पाहिजेत. पहिली अशी, की या झगड्यातील पलटण सर्वांची नव्हती. पिढ्यान् पिढ्या फौजेत असलेल्या महार समाजाची भरती सरकारने १८९२ च्या सुमारास बंद केली. फौजेमुळे शिक्षण आणि प्रतिष्ठा मिळालेल्या घरांवर तो घाव होता. सुभेदार रामजी सकपाळ यांचे घर त्यांपैकीच, आणि त्याच घरातून डॉक्टर आंबेडकर आले. १९१७ मध्ये युद्धाच्या गरजेने १११ महार ही पलटण काढली आणि १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. पेठेतील तरुणाला पलटण हा नवा हक्क वाटत होता. गावकुसाबाहेरच्या तरुणाला तो हिरावलेला हक्क होता. दुसरी गोष्ट माझ्यापुरती. १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली तेव्हा तिथे मुलांसारखेच शिक्षण द्यावे याला टिळकांनी कडाडून विरोध केला होता. त्यांच्या मनातल्या त्या पाच हजारांत माझ्यासारखी एकही नव्हती, हे मला मान्य करावे लागते.

हे वाचल्यावर काही दिवस मी रुसले होते. मग वाटले, की थोर माणसाने काढलेल्या वाटेवरून त्याने न बोलावलेले लोकही चालू लागतात, आणि तेव्हाच ती वाट रस्ता होते. न्यायालयाच्या निकालाने २०१८ पासून टेरिटोरियल आर्मीचे दार स्त्रियांना उघडले आहे. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही मैत्रिणी सिंहगडावर गेलो होतो. गडावर टिळकांचा बंगला आहे. तिथे थोडा वेळ थांबून पुढे गेले की खाली खडकवासल्याचे पाणी आणि प्रबोधिनीचा परिसर दिसतो. हिंदी माणसाला कमिशन मिळावे म्हणून ज्याने पन्नास हजार रुपये पणाला लावले, त्याच्या आवडत्या गडाच्या पायथ्याशी आज आपलेच अधिकारी घडतात. टिळकांना ते पाहायला मिळाले नाही.

घरी आल्यावर मी ही सारी हकीकत आजोबांना सांगितली. पन्नास हजारांच्या चेकची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मुलींच्या शिक्षणाचा भाग आला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले. होकार त्यांनी अजून दिलेला नाही. पण पुढच्या रविवारी मी सवयीने बूट हातात घेऊन जिना उतरू लागले, तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, की बूट घालूनच उतर, काचेवर पाय पडेल. त्या पहाटे मी जिन्यावर मुद्दाम जरा जोरात पावले टाकली.